घटक ४ : समाजमाध्यमांवरील क्रमनिर्धारण आणि मजकुराची पोहोच

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• समाजमाध्यमांवर कोणत्या वाचकाला कोणता मजकूर आधी दिसतो, हे कसे ठरते ते सांगता येईल.
• क्रमनिर्धारणातील ‘संकेत’, ‘अंदाज’ आणि ‘भार’ या संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करता येतील.
• मोजमापाची पद्धत बदलली की लेखनाची भाषा कशी बदलते, याचे विवेचन करता येईल.
• मजकुराची पोहोच वाढवण्याचे प्रामाणिक मार्ग आणि वाचकाची फसवणूक करणारे मार्ग यांत फरक करता येईल.

४.१ प्रास्ताविक



वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कोणती बातमी वर जाईल आणि कोणती आतल्या पानावर ढकलली जाईल, हे संपादक ठरवतो. त्याचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो, ते पान सर्व वाचकांसाठी एकच असते. समाजमाध्यमांवर असे एकच पान नसते. आपण भ्रमणध्वनीवर फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडतो, तेव्हा आपल्यापुरते एक पान त्या क्षणी तयार होते. शेजारी बसलेल्या व्यक्तीचे पान वेगळे असते. या पानाची मांडणी संगणकीय कार्यक्रम करतो. त्याने लावलेल्या क्रमाला आपण या घटकात ‘क्रमनिर्धारण’ म्हणू.

एक प्रसंग कल्पावा. आपल्या गावातील जुन्या बारवेतील गाळ काढण्याचे काम सुरू आहे. श्रमदानाला माणसे हवी आहेत. आपण एक निवेदन लिहून समाजमाध्यमावर टाकले. आपल्या खात्याशी तीनशे माणसे जोडलेली असूनही ते निवेदन जेमतेम वीस जणांना दिसले. अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. ‘अल्गोरिदमने आपला मजकूर दाबला’, ही पहिली. आणि ‘काहीतरी युक्ती केल्याशिवाय चालत नाही’, ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी क्रमनिर्धारणाविषयीचे अज्ञान आहे. हा क्रम कसा लागतो हे समजले, तर लेखनात काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, याचा निर्णय आपल्याला डोळसपणे घेता येतो. हा निर्णय हाच या घटकाचा गाभा आहे.

‘अल्गोरिदम’ या शब्दाला गूढतेचे वलय लाभले आहे. वास्तविक नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून तो आला. भारतीय अंकपद्धतीने गणिते कशी करावीत, याविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि ग्रंथकाराचे नावच पुढे गणनपद्धतीचे नाव झाले. अल्गोरिदम म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या पायऱ्यांची कृती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ कालक्रमाकडून क्रमनिर्धारणाकडे

ट्विटर आणि इन्स्टाग्राम या माध्यमांवर आरंभी मजकूर कालक्रमाने दिसत असे. जो सर्वांत नवा, तो सर्वांत वर. फेसबुकने २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ सुरू केले आणि ओळखीच्या माणसांचा मजकूर एकत्र निवडून दाखवण्याची रीत रूढ केली. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही निव्वळ कालक्रम सोडला. त्या वेळी इन्स्टाग्रामने दिलेले कारण असे, की लोकांच्या फीडमधील सरासरी ७० टक्के मजकूर त्यांच्या नजरेस पडतच नाही. मजकूर वाढला आणि वाचकाचा वेळ मात्र तेवढाच राहिला. तेव्हा निवड अपरिहार्य ठरली.

याला दुसरी बाजूही आहे. या माध्यमांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते. वाचक जितका अधिक काळ रेंगाळेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवता येतात. क्रमनिर्धारणात वाचकाची सोय आणि माध्यमाचा व्यवसाय हे दोन्ही हेतू एकत्र नांदतात, हे लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

४.२.२ क्रम लावण्याच्या चार पायऱ्या

प्रत्येक माध्यमाची पद्धत तपशिलात वेगळी आहे. एकाच माध्यमावर मुख्य फीड, रील आणि शोध यांसाठीही निरनिराळ्या पद्धती वापरल्या जातात. तथापि सर्वांचा ढाचा साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

(१) संकलन : उपलब्ध असलेल्या अफाट मजकुरातून एका वाचकासाठी काही शे किंवा हजार-दीड हजार नोंदी प्रथम निवडल्या जातात. त्यांत ओळखीच्या खात्यांचा मजकूर असतो, तसाच अनोळखी खात्यांचाही असतो.

(२) संकेतांची जुळणी : या नोंदींविषयी आणि वाचकाविषयी उपलब्ध असलेली माहिती एकत्र केली जाते. मजकूर केव्हा लिहिला, तो चित्र आहे की चलत्चित्र, या लेखकाच्या मजकुरावर वाचक पूर्वी थांबला होता का, अशा बाबींना ‘संकेत’ म्हणतात.

(३) अंदाज : हा वाचक या मजकुराला लाइक देईल का, उत्तर लिहील का, तो पुढे पाठवील का, की कंटाळून पुढे सरकेल, यांतील प्रत्येक कृतीची शक्यता वर्तवली जाते. अशाच प्रकारच्या वाचकांच्या आजवरच्या वर्तनावरून संगणक हा अंदाज बांधतो.

(४) गुणांकन आणि अंतिम मांडणी : प्रत्येक कृतीला माध्यमाने काही ‘भार’ दिलेला असतो. शक्यता आणि भार यांचा गुणाकार करून बेरीज केली जाते. अधिक गुणांचा मजकूर वर येतो. त्यानंतर एकाच लेखकाचा मजकूर सलग येऊ नये, नियमबाह्य मजकूर गळावा, यासाठी शेवटची चाळण लावली जाते.

यांतील तिसरी पायरी विशेष लक्षपूर्वक वाचावी. मजकूर खरा आहे का, उपयुक्त आहे का, भाषा शुद्ध आहे का, हे प्रश्न त्या पायरीत थेट विचारले जात नाहीत. विचारला जातो तो एकच प्रश्न : हा वाचक काय करील? मजकुराचा दर्जा या गणितात येतो, तोही वाचकाच्या प्रतिक्रियेच्या वाटेने.

४.२.३ गुणांकनाचे एक उदाहरण

बहुतेक माध्यमे आपले भार जाहीर करत नाहीत. मार्च २०२३ मध्ये मात्र ट्विटरने आपल्या शिफारसपद्धतीचा मोठा भाग सार्वजनिक केला. त्यासोबतच्या माहितीत दिलेले काही भार असे होते :

लाइक : ०.५
रिट्वीट : १
उत्तर लिहिणे : १३.५
वाचकाने उत्तर लिहिणे आणि मूळ लेखकाने त्या उत्तराची दखल घेणे : ७५
‘असा मजकूर नको’ अशा स्वरूपाची नापसंती : उणे ७४
तक्रार नोंदवणे : उणे ३६९

हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. ते एका विशिष्ट वेळचे आहेत आणि असे भार बदलत असतात. त्यांतून पद्धतीचा स्वभाव समजून घ्यावा. त्यासाठी एक सोपे गणित करू आणि त्यात केवळ तीन कृती विचारात घेऊ.

मजकूर ‘क’ शांत आणि माहितीपूर्ण आहे. एखाद्या वाचकाने त्याला लाइक देण्याची शक्यता शंभरात १० आणि उत्तर लिहिण्याची शंभरात १ आहे.
गुण = (०.१० × ०.५) + (०.०१ × १३.५) = ०.०५ + ०.१३५ = ०.१८५

मजकूर ‘ख’ वादग्रस्त आहे. लाइकची शक्यता शंभरात केवळ २, परंतु उत्तर लिहिण्याची शंभरात ५ आहे.
गुण = (०.०२ × ०.५) + (०.०५ × १३.५) = ०.०१ + ०.६७५ = ०.६८५

लोकांना कमी आवडलेला ‘ख’ हा मजकूर साडेतीन पटींहून अधिक गुण मिळवून वर गेला. वाचकाने सहमतीने उत्तर लिहिले की संतापून, हा भेद या बेरजेत नाही. आता ‘ख’विरुद्ध तक्रार होण्याची शक्यता हजारात २ आहे असे धरू. त्याचे गुण ०.७३८ ने घटतात आणि बेरीज शून्याखाली जाते. म्हणजे हजारातील दोन वाचकांचा रोष पन्नास वाचकांच्या उत्तरांवर मात करतो. वाद पेटवून पोहोच मिळवण्याचा मार्ग वाटतो तितका निर्धोक का नाही, हे यावरून ध्यानात येईल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) क्रमनिर्धारणाच्या कोणत्या पायरीत वाचकाच्या भावी कृतीचा विचार होतो?
(आ) वरील भार वापरून पुढील मजकुराचे गुण काढा : लाइकची शक्यता शंभरात २०, उत्तराची शक्यता शंभरात २.
(उत्तरे घटकाच्या शेवटी दिली आहेत.)

४.२.४ मोजमाप बदलले की लेखन बदलते

परीक्षेत जे विचारले जाते तेवढेच विद्यार्थी वाचतात, हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम याच स्वरूपाचा आहे : एखादे माप हेच उद्दिष्ट बनले, की ते चांगले माप राहत नाही. समाजमाध्यमांच्या इतिहासात या नियमाची दोन ठळक उदाहरणे आढळतात.

पहिले उदाहरण यूट्यूबचे. चलत्चित्र किती वेळा उघडले गेले, या संख्येला तेथे आरंभी महत्त्व होते. परिणामी भडक शीर्षके आणि दिशाभूल करणारी मुखचित्रे वाढली. प्रेक्षक उघडत, फसत आणि निघून जात. २०१२ मध्ये यूट्यूबने ‘किती वेळ पाहिले’ या मापाला प्राधान्य दिले. त्यासरशी उघडण्यासाठीची फसवणूक पुरेशी ठरेना; पण नव्या मापासोबत नव्या सवयीही आल्या. पाच मिनिटांचा विषय ताणणे आणि महत्त्वाची गोष्ट अखेरपर्यंत राखून ठेवणे, या त्यांपैकी दोन.

दुसरे उदाहरण फेसबुकचे. २०१६ मध्ये फेसबुकने लाइकच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि संताप दर्शवणारी चिन्हे आणली. पुढे फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ मध्ये अंतर्गत कागदपत्रे उघड केली. त्यांतून असे दिसले, की २०१७ पासून या चिन्हांना लाइकच्या पाचपट भार दिला होता आणि त्यांत संतापाचे चिन्हही होते. जानेवारी २०१८ मध्ये ओळखीच्या माणसांतील ‘अर्थपूर्ण संवाद’ वाढवण्याचे धोरण जाहीर झाले. हेतू स्तुत्य होता. परंतु संवाद मोजायचा कसा? उत्तरे आणि पुढे पाठवणे यांवरून. माणसे रागाच्या भरातही उत्तरे लिहितात. युरोपातील काही राजकीय पक्षांनी या बदलामुळे आपला प्रचार अधिक नकारात्मक करावा लागल्याचे कंपनीला कळवले होते, अशी नोंद त्या कागदपत्रांत आहे. अखेर २०२० मध्ये संतापाच्या चिन्हाचा भार शून्य करण्यात आला.

माध्यमे फसव्या लेखनाविरुद्धही उपाय योजतात. ‘मेष राशीचे असाल तर लाइक करा’ या धर्तीच्या, निव्वळ प्रतिक्रिया उकळणाऱ्या मजकुराला खाली ढकलण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. म्हणून आज उपयोगी वाटणारी क्लृप्ती उद्या नुकसानकारक ठरू शकते. वाचकाच्या खऱ्या गरजेवर उभे असलेले लेखन अशा बदलांत अधिक तग धरते.

४.२.५ पोहोच वाढवणारे लेखन : एका निवेदनाचे तीन आरंभ

आता बारवेच्या निवेदनाकडे वळू. फीडमध्ये मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि उरलेला भाग ‘आणखी पाहा’ याखाली झाकला जातो. म्हणून आरंभाला विशेष महत्त्व आहे. पुढील तीन आरंभ वाचा.

(अ) ‘आपल्या गावातील ऐतिहासिक बारवेच्या संवर्धनाचे कार्य ग्रामस्थांच्या सहकार्याने मागील दोन महिन्यांपासून सुरू असून त्या अनुषंगाने सर्वांना नम्र आवाहन करण्यात येते की…’

(आ) ‘या विहिरीत जे सापडलं ते पाहून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल! शेवटपर्यंत पाहा.’

(इ) ‘बारवेच्या २७ पायऱ्या मोकळ्या झाल्या. गाळाखाली अजून किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण आणखी खाली उतरणार आहोत. घमेले असेल तर घेऊन या.’

(अ) मध्ये असत्य काही नाही. मात्र वाक्याचा कर्ता दिसत नाही, ‘करण्यात येते’ या कर्मणी रचनेने बोलणारा माणूस अदृश्य झाला आहे आणि मुख्य गोष्ट, म्हणजे रविवार, झाकलेल्या भागात गेली आहे. ही कार्यालयीन पत्राची शैली आहे. तिच्या जागी ती योग्य आहे, येथे नाही.

(आ) ची रचना भाषिकदृष्ट्या पाहण्यासारखी आहे. ‘जे’ आणि ‘ते’ ही सर्वनामे आहेत, परंतु ती ज्या नामासाठी आली ते नाम मुद्दाम दडवले आहे. ‘या विहिरीत’ म्हणजे कोणत्या, हेही सांगितलेले नाही. ही पोकळी भरण्यासाठी वाचकाला मजकूर उघडावा लागतो. अशा आमिषाला ‘क्लिकबेट’ म्हणतात. विहिरीत गाळच सापडला असेल, तर वाचक फसला. तो पुढच्या वेळी थांबणार नाही. आणि तो थांबला नाही, हाही संकेत नोंदवला जातो.

(इ) मध्येही उत्सुकता आहे, पण ती वस्तुस्थितीतून आली आहे. पायऱ्या किती उरल्या, हे लेखकालाही ठाऊक नाही. त्याने काही दडवलेले नाही. वाक्ये लहान आहेत, दिवस आणि वेळ पहिल्या चार वाक्यांत आहे आणि ‘आपण’ या सर्वनामाने वाचक कामात सामील झाला आहे. पोहोच वाढवणाऱ्या प्रामाणिक लेखनाचा हा नमुना मानता येईल.

याखेरीज पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

खरा प्रश्न विचारावा. ‘तुम्हाला काय वाटते? कमेंटमध्ये सांगा’, हा प्रश्न नव्हे. ‘आपल्या घरातील कोणी या बारवेचे पाणी भरले आहे का? त्या काळी तिला काय म्हणत असत?’ हा खरा प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर आपल्याला हवे आहे आणि ते वाचकाकडेच आहे.

आलेल्या उत्तरांना उत्तर द्यावे. ट्विटरच्या भारांत लेखकाने दखल घेतलेल्या उत्तराचे स्थान आपण पाहिले. सौजन्य आणि गणित यांचा येथे मेळ बसतो.

वाचक जो शब्द शोधेल तो वापरावा. कोणी ‘बारव’ म्हणेल, कोणी ‘पायविहीर’, कोणी ‘पायऱ्यांची विहीर’. हे पर्याय मजकुरात सहजपणे यावेत. गावाचे व तालुक्याचे नाव पूर्ण लिहावे. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकून शोधतात. त्यामुळे एखाद्या हॅशटॅगमध्ये रोमन रूप देण्यास हरकत नाही. मूळ लेखन मात्र देवनागरीतच असावे.

माध्यमाचे रूप ओळखावे. रीलमध्ये पहिल्या काही क्षणांतच कुदळीचा घाव दिसला पाहिजे. परिचयपर शब्द नंतर येऊ शकतात. दीर्घ मजकुरात परिच्छेद लहान असावेत.

४.२.६ मर्यादा आणि विवेक

पोहोच वाढवण्याच्या ओघात भाषेची हानी कशी होते, हे भाषेच्या अभ्यासकाने विशेष जाणले पाहिजे. ‘भयंकर’ हा शब्द मुळात भयसूचक. पण ‘भयंकर आवडले’ असे आपण सहज म्हणतो. तीव्रता दाखवणारे शब्द वापराने बोथट होतात, हा भाषेचा नैसर्गिक व्यवहार आहे. स्पर्धेच्या दडपणाखाली मात्र ‘धक्कादायक’, ‘थरारक’, ‘खळबळजनक’ ही विशेषणे क्षुल्लक घटनांनाही लावली जातात. मग खरोखर धक्कादायक घटना घडते, तेव्हा तिच्यासाठी शब्द उरत नाही. उलट दिशेनेही बदल घडतात. मृत्यू, आत्महत्या अशा शब्दांमुळे मजकूर दाबला जाईल या भीतीने इंग्रजी भाषक ‘अनअलाइव्ह’ यासारखे आडवळणाचे शब्द वापरू लागले. ज्या विषयावर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, तेथेच भाषा चाचपडू लागते.

दुसरी मर्यादा उद्दिष्टाची आहे. (आ) हा आरंभ कदाचित दहा हजार अनोळखी माणसांपर्यंत जाईल. त्यांपैकी रविवारी सकाळी सात वाजता बारवेवर कोण येईल? आपल्याला तीस माणसे हवी आहेत आणि ती पंचक्रोशीतीलच असणार. माध्यम पोहोच संख्येत दाखवते. ती कोणापर्यंत हवी, हे लेखकाने लिहिण्यापूर्वीच ठरवायचे असते. गावातील दोनशे माणसांना निवेदन दिसले आणि तीस जण आले, तर त्या लेखनाचे काम झाले. म्हणून लेखनाचे यश तपासण्याचे आपले स्वतःचे माप असावे आणि ते कागदावर नोंदवून ठेवावे. अन्यथा पडद्यावरील आकडा नकळत आपले उद्दिष्ट बनतो आणि पुढचे निवेदन आपण बारवेसाठी न लिहिता त्या आकड्यासाठी लिहू लागतो.

वाचक म्हणूनही आपण हतबल नसतो. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये केवळ अनुसरलेल्या खात्यांचा मजकूर कालक्रमाने पाहण्याचा पर्याय पुन्हा दिला. आपण कशावर थांबतो, कशाला उत्तर देतो, हाही एक प्रकारचा कौल असतो. रागाने लिहिलेले उत्तर त्याच मजकुराला वर चढवू शकते, हे गणित आपण केले आहे.

४.३ सारांश

समाजमाध्यमे प्रत्येक वाचकासाठी मजकुराचा स्वतंत्र क्रम लावतात. संकलन, संकेतांची जुळणी, अंदाज आणि गुणांकन या त्याच्या पायऱ्या होत. वाचक काय करील, याचा अंदाज हा या पद्धतीचा कणा आहे. भार बदलले की लेखनाची रीत बदलते. यूट्यूब आणि फेसबुक यांच्या इतिहासातून हे दिसते. आरंभ, वाक्याची लांबी, शब्दांची निवड आणि संवाद यांत क्रमनिर्धारणाचा विचार अवश्य करावा. कथनाची सत्यता, शब्दांचा अर्थ आणि लेखनाचा हेतू या बाबी मात्र त्याच्या हाती देऊ नयेत.

४.४ पारिभाषिक शब्द

क्रमनिर्धारण : विशिष्ट वाचकासाठी मजकुराचा अग्रक्रम ठरवणे.
संकेत : मजकूर व वाचक यांविषयीची, अंदाजासाठी वापरली जाणारी माहिती.
भार : एखाद्या कृतीला गुणांकनात दिलेले मूल्य.
पोहोच : मजकूर किती व कोणत्या वाचकांना दिसला, याची व्याप्ती.
क्लिकबेट : माहिती दडवून वाचकाला मजकूर उघडण्यास भाग पाडणारे आमिष.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) तिसऱ्या, म्हणजे अंदाजाच्या पायरीत. (आ) (०.२० × ०.५) + (०.०२ × १३.५) = ०.१० + ०.२७ = ०.३७

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही’, हे विधान समाजमाध्यमांच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.
२. आमिष दाखवणाऱ्या शीर्षकांतील सर्वनामांचा वापर कसा असतो, ते तीन उदाहरणे देऊन लिहा.
३. आपल्या परिसरातील ग्रंथालय, बचतगट किंवा शाळा यांच्या एखाद्या उपक्रमासाठी साठ ते ऐंशी शब्दांचे निवेदन लिहा. ते कोणापर्यंत पोहोचावे आणि ते यशस्वी झाले हे कशावरून ओळखावे, हे आरंभी एका वाक्यात नमूद करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

घरातील दोन व्यक्तींच्या संमतीने, एकाच वेळी त्यांच्या फीडमध्ये दिसणाऱ्या पहिल्या दहा नोंदींची यादी करा. त्यांतील विषय, भाषा, लिपी आणि विशेषणे यांची तुलना करून दोन पृष्ठांचे टिपण लिहा व संमंत्रण सत्रात त्यावर चर्चा करा.